बंदुकीचा गंज, तेल आणि मेण: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक अजून बऱ्याच घरांत आहे. कुठे ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची), कुठे काडतुसाची बारा बोअरची एकनळी. जोडीला एखादी पणजोबांच्या वेळची तलवार. आगोटीची कामं निघाली की गंजाबद्दलचे तेच ते प्रश्न येऊ लागतात आणि दसरा उलटला की दुसऱ्यांदा येतात. ते इथे एकत्र केले आहेत.

कुठलंही उत्तर करून बघण्याआधी बंदूक रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ठासणीच्या बंदुकीत बार, म्हणजे भरलेली दारू आणि छरे, आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. टोपी (घोडा आपटला की ठिणगी देऊन बार पेटवणारी छोटी वाटी) बसवलेली नाही ना ते बघा, गज (बार ठासायची लांब काठी) नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी चिमटीत धरा आणि तसाच बाहेर काढून नळीच्या शेजारी लावा. गजाचं टोक निपलच्या, म्हणजे टोपी बसते त्या भोकाच्या खुंटाच्या, जागेपर्यंत पोचायला हवं. चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत बार आहे. अशी बंदूक तशीच ठेवा आणि परवानाधारक कारागिराला विचारा.

१. दरवर्षी तेल लावतो, तरी पावसाळ्यात गंज चढतोच. असं का?

बहुतेक वेळा तेल मिठावर लावलेलं असतं म्हणून. लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतं. पाणी दिसायला हवं असं नाही. हवेतला दमटपणा ६०-६५ टक्क्यांच्या वर गेला की लोखंडावर पाण्याचा नजरेला न दिसणारा पापुद्रा धरतो, आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हाच आकडा ८५-९०च्या आसपास असतो.

मिठाने हे आणखी लवकर होतं. खाण्याचं शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के दमटपणाला पाझरू लागतं. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते ३३ टक्क्यांनाच हवेतलं पाणी ओढतं. म्हणजे खाऱ्या वाऱ्याने बसलेला थर डिसेंबरच्या कोरड्या हवेतही ओलाच राहतो. हाताच्या घामातही मीठ असतं. नळीवर अंगठ्याच्या ठशाच्या रेषा न् रेषा गंजाने उमटलेल्या तुम्हीही पाहिल्या असतील.

तेल मीठ विरघळवत नाही. मिठाच्या कणावर तेल फिरवलं की कण तेलाखाली बसून राहतो आणि आपलं काम करत राहतो. म्हणून आधी मीठ काढायचं आणि मग तेल किंवा मेण लावायचं. या पानावरचं बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

२. तेल चांगलं की मेण?

दोन्ही लागतात, जागा वेगळ्या. जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे तेल: घोडा, चाप, बिजागरी, बंदुकीच्या कुलपाचे (घोडा-चाप चालवणाऱ्या यंत्राचे) आतले भाग. नळीच्या आतही तेलच. नळीची बाहेरची बाजू, दस्त्याखाली झाकलेला नळीचा भाग, तलवारीचं पातं, म्हणजे जिथे काही हलत नाही आणि रोज हात लागतो किंवा उलट वर्षभर हातच लागत नाही, तिथे मेण.

तेल वाहतं. उभ्या ठेवलेल्या बंदुकीवर आज लावलेलं तेल महिन्याभराने खाली उतरलेलं असतं आणि वरची वीतभर नळी उघडी पडते. त्याला धूळ चिकटते आणि धूळ ओल धरते. मेण जागा सोडत नाही, हाताला कोरडं लागतं, फडक्याने सहज पुसलं जात नाही. पण सांध्यात गेलं तर तिथे घट्ट होऊन बसतं.

३. घरातलं कुठलं तेल चालेल?

शिलाई मशीनचं तेल. ते खनिज तेल आहे, पातळ आहे, खवट होत नाही आणि वाण्याकडे मिळतं. त्याची कमी एवढीच की फार टिकत नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. बंदुकीसाठीचं म्हणून मिळणारं गंजरोधक तेल मिळत असेल तर ते अर्थातच जास्त टिकेल.

खोबरेल आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरलं जातं. सरळ सांगतो, लोखंडावर ते काही दिवस ठीक आहे, पण जुनं झालं की खवट होतं, आणि खवट तेलातली आम्लं पितळेला खातात. खोबरेलाने राखलेल्या बंदुकीच्या पितळी पट्ट्यांच्या कडेला हिरवा थर दिसतो, तो हाच. कळकलेल्या भांड्यावर येतो तसा. शिवाय खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. थंडीतल्या पहाटे घोडा जड चालतो त्याचं कारण बरेचदा आत थिजलेलं खोबरेल असतं.

जवसाचं आणि करडईचं तेल लोखंडाच्या हलत्या भागांना कधीच लावू नका. ही तेलं हवेने सुकून त्यांची साय धरते आणि नंतर ती खरवडून काढावी लागते. हाच गुण लाकडाला उपयोगी पडतो. त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

४. ठासणीची बंदूक पाण्याने धुवायची असं ऐकलं. लोखंडाला पाणी? खरं आहे का?

खरं आहे, आणि टाळण्यासारखं अजिबात नाही. काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक साधारण ७५, १५ आणि १० अशा प्रमाणात असतात. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त भाग धूर आणि घाण म्हणून उरतो: पोटॅशियमचे क्षार आणि सल्फाइड. हे क्षार हवेतलं पाणी शोषतात. जुन्या धाटणीच्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. ते उडालं की पोटॅशियम क्लोराइड मागे राहतं, आणि तो मिठाचाच भाऊ. यातलं काहीही तेलात, रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पाण्यात विरघळतं.

बार झाडला त्याच दिवशी, रात्र न घालवता असं करा. नळी दस्त्यापासून सुटी होत असेल तर सोडवा, निपल काढा. बादलीत कढत पाणी घ्या, थोडा साधा साबण टाका आणि नळीचं बुड त्यात उभं करा. गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून वरखाली करा. निपलच्या भोकातून पाणी पिचकारीसारखं वर ओढलं जातं आणि खाली ढकललं जातं. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. तो सल्फाइडचा. वास येणं थांबलं आणि चिंधी स्वच्छ निघू लागली की साबणाचं पाणी ओता आणि नुसतं कढत पाणी दोनदा फिरवा. नळी इतकी तापायला हवी की फडक्याशिवाय धरता येऊ नये. मग ती आपोआप सुकते. कोरडी चिंधी दोनतीनदा घाला आणि नळी गरम आहे तोवरच तेलाची चिंधी फिरवा. इथे दहा मिनिटं गप्पांत घालवलीत तर आत केशरी झाक धरलेली दिसेल.

दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी घालून बघा. तपकिरी निघाली तर क्षार राहिलेत, पुन्हा पाणी. आमच्या घरी ही दुसऱ्या दिवसाची चिंधी कधी चुकत नसे. वडील ती अंगणात उन्हाला धरून बघत आणि मगच बंदूक आत जाई.

नळी दस्त्याला कायमची पिनांनी ठोकलेली असेल तर बादली नको, दस्ता भिजेल. निपल बसवलेलंच ठेवून त्यावर कापडाचा बोळा दाबा, नळीत थोडं थोडं गरम पाणी घाला, तोंड बंद करून हलवा, ओता. सात-आठ वेळा.

५. बारा बोअरलाही पाणीच?

नाही. आजच्या काडतुसांत धूर न करणारी दारू असते आणि टोपीत सहसा क्लोरेट नसतं. पितळी ब्रश, सफाईचं द्रावण, कोरड्या चिंध्या आणि शेवटी तेलाची एक चिंधी, एवढं बस्स. काडतूस फार जुनं असेल किंवा कुठलं ते कळत नसेल, तर क्लोरेट आहे असं धरून नळीतून आधी गरम पाण्याच्या दोन चिंध्या फिरवा, सुकवा, मग नेहमीची सफाई.

६. डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं तर?

पाणी हाकलायला उत्तम. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला ते त्यासाठीच बनवलं गेलं. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं, आणि ते चाळिसाव्या प्रयत्नात जमलं, म्हणून ते नाव. बंदूक पावसात भिजली तर लगेच मारा आणि पुसा. पण त्यातला बराच भाग उडून जातो आणि मागे राहतो तो थर फार पातळ असतो. चार महिने ठेवायची बंदूक त्याच्या भरवशावर ठेवू नका. पुसून त्यावर खरं तेल लावा. काडतुसांच्या जवळ ते नेऊही नका (प्रश्न १३).

७. कुठलं मेण घ्यावं आणि कसं लावायचं?

संग्रहालयांत वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे रेनेसान्स वॅक्स. त्याचं सूत्र १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालं, कारण मधमाशांच्या मेणातली आम्लं वस्तूंना त्रास देतात असं तिथल्या लोकांच्या लक्षात आलं होतं. डबी महाग वाटते, पण एका बंदुकीला बोटाच्या पेराएवढंही लागत नाही.

लावण्याची रीत मेणापेक्षा महत्त्वाची आहे. तेलकट लोखंडावर मेण धरत नाही, म्हणून जुनं तेल आधी पूर्ण काढा. शुद्ध ॲसिटोन घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात बहुधा तेल आणि सुगंध मिसळलेला असतो. ॲसिटोन दस्त्याच्या पॉलिशवर सांडू देऊ नका आणि चुलीपासून, देवाच्या दिव्यापासून लांब बसा. इथून पुढे उघड्या हाताने लोखंडाला शिवायचं नाही, हातमोजे घाला. वस्तू अर्धा तास कडक उन्हात ठेवा. हाताला ऊबदार लागली की सुती कापडावर थोडंसं मेण घेऊन गोलगोल फिरवत पातळ थर द्या. पाचसात मिनिटांनी दुसऱ्या स्वच्छ कापडाने चोळा. मग दुसरा थर. चोळल्यावर बोट ओढून बघितलं तर रेघ उठता कामा नये. रेघ उठली तर मेण जास्त झालंय.

हे काम मे महिन्यात करा. जूनच्या पहिल्या पावसानंतर केलं तर मेणाखाली ओल कोंडली जाईल.

८. मधाच्या पोळ्याचं मेण, मेणबत्ती किंवा गाडीचं पॉलिश चालेल का?

पोळ्याचं मेण, नाइलाज असेल तर, लोखंडावर चालेल. ते साधारण ६३ अंशांना वितळतं. त्यात थोडं शिलाई मशीनचं तेल घालून मलम करा, नुसतं फार चिकट राहतं. भांडं थेट विस्तवावर न ठेवता गरम पाण्यात ठेवून वितळवा. पितळी भागांवर मात्र लावू नका. मेणबत्तीचं मेण ठिसूळ असतं, त्याला तडे जातात आणि तड्यातून ओल शिरते. गाडीच्या पॉलिशमध्ये बरेचदा घासणारी बारीक पूड असते आणि ती नळीचा रंग खाते.

९. गंज चढलाच आहे. काढायचा कसा?

पॉलिश पेपर, विटेची पूड, चिंच, लिंबू, कोकम, यांतलं काहीही नको. चिंच-कोकमाने तांब्या-पितळेची भांडी लखलखतात, म्हणून हात तिकडेच जातो. लोखंडावर मात्र आम्ल गंजाबरोबर रंगही नेतं, आणि बारीक खड्ड्यांत राहिलं तर आठवड्याभरात नवा गंज आणतं.

डागावर तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी सगळ्यात बारीक, चार शून्याची (०००० नंबरची) स्टील वूल, म्हणजे पोलादाच्या केसासारख्या तारांचा बोळा, तेलात बुडवून हलक्या हाताने फिरवा. जाड पापुद्रा असेल तर पितळेच्या पत्र्याची कड वापरा. पितळ लोखंडापेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि खाली ओरखडा उठत नाही. लाल-भगवी पूड सुटून खाली गडद तपकिरी किंवा काळा डाग लागला की थांबा. तो डाग घट्ट बसलेला असतो आणि पुढे पसरत नाही. त्याला चकाकी आणायच्या नादात चांगलं लोखंड जातं.

नळीच्या आत खड्डे दिसत असतील, विशेषतः बुडाशी, तर ती बंदूक झाडू नका. तपासणी परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या.

१०. नळीला निळा-काळा रंग आहे. तो गंजापासून वाचवतो ना?

फार थोडा. तो रंग म्हणजे लोखंडाचाच एक ऑक्साइड, मुद्दाम आणलेला पातळ काळा थर. त्याला बारीक छिद्रं असतात. तेल किंवा मेण धरून ठेवायला तो चांगला आहे, पण नुसता उघडा ठेवला तर त्यावर गंज चढतोच.

११. खंडेनवमीला शस्त्रपूजा करतो. नंतर बरोबर कुंकवाच्या बोटाखाली गंज धरतो. पूजा बंद करावी का?

बंद कशाला करायची? वर्षातून एकदा शस्त्र बाहेर येतं, घरातली पोरंसोरं ते बघतात, आणि राखणीची आठवण त्याच दिवशी होते. पूजा जरूर करा, थोडी तयारी ठेवून.

ओल्या बोटाने लावलेलं हळदकुंकू, ओल्या अक्षता, झेंडूची आणि आपट्याची दमट पानं, पंचामृताचे शिंतोडे, पात्यावर कापलेलं लिंबू. हे सगळं रात्रभर, कधी दसरा संपेपर्यंत, लोखंडावर बसून राहतं. एका घरात मी तलवारीवर झेंडूच्या पाकळीचा हुबेहूब आकार गंजात उमटलेला पाहिला आहे, देठासकट. अशा डागाखाली बारीक खड्डा पडलेला असतो आणि तो कायमचा.

आदल्या दिवशी पात्याला आणि नळीला मेणाचा एक ताजा थर द्या (प्रश्न ७). कुंकू कोरडं वाहा, किंवा बोट ओलं करायचंच असेल तर ते लोखंडाऐवजी दस्त्यावर, मुठीवर, म्यानावर टेकवा. आमच्या गावात काही घरांत शस्त्राखाली पाट आणि केळीच्या पानाऐवजी कोरडं वस्त्र घालतात, तेही चांगलं. लिंबू शस्त्राने कापायची रीत असेल तर त्याच घटकेला ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. लिंबाचं आम्ल रात्रीची वाट बघत नाही. संध्याकाळी आरती झाली की फुलं उतरवा, ब्रशने कुंकू झटका, पुसा आणि पुन्हा मेण लावा. भरलेलं शस्त्र पूजेत ठेवू नका हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

१२. बंदूक ठेवायची कुठे आणि कशी?

कव्हरात नाही. चामड्यात कमावण्याची आम्लं आणि क्षार असतात, कॅनव्हास आणि लोकरीचं अस्तर ओल धरतं. कव्हर नेण्या-आणण्यापुरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली बंदूक तर मी सगळ्यात वाईट गंजलेली पाहिली आहे, कारण आत कोंडलेल्या हवेतली ओल रात्री गारव्याने लोखंडावरच उतरते.

बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसात ती भिंत आतून सर्द असते. कुलपाचं लोखंडी कपाट, आतल्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर उंच, हे योग्य. आत सिलिका जेलची पिशवी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले, की ते भरले. १२० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये तापवले की पुन्हा कामाला येतात.

बंदूक नळीचं तोंड खाली करून ठेवा, खाली जाड कापड घालून, किंवा आडवी ठेवा. तोंड वर असलं की तेल ओघळून घोडा-चापाच्या कुलपात आणि तिथून दस्त्याच्या मानेत मुरतं. तेल प्यालेलं लाकूड काळं आणि भुसभुशीत होतं, आणि एक दिवस नेमकं मानेशीच तडकतं.

१३. काडतुसांनाही तेल लावावं का? आणि ती गोठ्याच्या माळ्यावर ठेवली तर चालतील?

दोन्हीला नाही. तेल टोपीच्या कडेने आत शिरतं आणि बार उडत नाही, किंवा उशिरा उडतो, जे त्याहून धोक्याचं. काडतुसं कोरड्या फडक्याने पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात, बंदुकीपासून वेगळी, कुलपात ठेवा.

गोठ्याचं उत्तर तर हिंदुस्थानातच सापडलं आहे. ब्रिटिश लष्कराने पावसाळ्यात पितळी काडतुसं तबेल्यांत साठवली आणि ती न वापरता आपोआप तडकू लागली. जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि ठोकून घडवलेल्या पितळेतला ताण, तिन्ही एकत्र आले की असं होतं. १९२१ मध्ये त्याची नीट उकल झाली. आपल्या गोठ्यातली हवा त्याच जातीची. अमोनिया असलेल्या पॉलिशनेही पितळी काडतुसं चमकवू नका.

१४. दस्त्याला काय लावू?

जवसाचं तेल, उकळवून लवकर सुकणारं केलेलं मिळालं तर ते. तळव्यावर चार थेंब घेऊन चोळा, तासाभराने जास्तीचं पुसा, एक दिवस सुकू द्या. वर्षातून एकदा पुरे. तेलाचे बोळे तसेच गुंडाळून फेकू नका, जवसाच्या तेलाचं कापड आपोआप तापून पेट घेतं. पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवून टाका.

१५. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परत मिळते तेव्हा गंजलेली. काय करता येईल?

ही तक्रार खरी आहे आणि मला तिचा राग येतो. एकदा आमची बंदूक दीड महिन्याने परत आली तेव्हा घोड्याभोवती लाल कड धरली होती. पण तिथे बंदुका ढिगाने, एकाला एक टेकून असतात, आणि तेल लावणं हे काही त्यांचं काम नव्हे. आपणच तिला तयार करून पाठवायची. नेण्याच्या आदल्या दिवशी नळी आतून साफ करून तेल, बाहेरून मेण, हलत्या भागांना नेहमीपेक्षा किंचित जास्त तेल. कव्हरात देऊ नका, मेणकागदात सैल गुंडाळा. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि सध्याची अवस्था लिहून घ्या. परत आली त्याच दिवशी उघडा, पुसा, नळीत चिंधी घाला.

१६. पणजोबांच्या तलवारीवर सोन्याची नक्षी आहे. पात्यावर लाटांसारख्या रेघा दिसतात. तीही अशीच साफ करायची?

इथे स्टील वूलही खाली ठेवा. सोन्याचं ते काम कोफ्तगिरी असेल तर लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या खाचा पाडून त्यावर सोन्याची तार नुसती ठोकून बसवलेली असते. खालून गंज फुगला की सोनं उचकटतं, आणि वरून घासलं की निघून जातं. लाटा म्हणजे पोलादाचं जौहर, पोलादाच्या अंगातलीच नक्षी. ते आम्लाने उठवलेलं असतं, पॉलिश केलं की पुसट होतं. जुन्या पिळाच्या (लोखंडाच्या पट्ट्या पिळून, जोडून घडवलेल्या) नळ्यांवरची नक्षीही तशीच जाते. अशा वस्तूवर मऊ ब्रशने धूळ झाडायची, मेण लावायचं, आणि सक्रिय गंज, म्हणजे लाल-भगवी पूड सुटणारा, दिसला तर संग्रहालयाचं काम करणाऱ्या जतनतज्ज्ञालाच दाखवायचं. बाजारात बफिंग करून आरशासारखी आणलेली तलवार मी पाहिली आहे. तिच्यावरचं जौहर परत आणता येणार नाही.

१७. वडील गेले. बंदूक त्यांच्या परवान्यावर होती. निदान तेल तरी लावू ना?

आधी कागद. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्याला ती जवळ ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. विक्रेत्याकडे ठेवलीत तर जमा करतानाच साफसफाईचं बोलून ठेवता येतं. दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून गावातल्या लोहाराकडे नेऊ नका, तो कितीही चांगला असला तरी.

१८. तेल लावून ठेवलेली बंदूक तशीच झाडली तर?

तसं करू नका. आधी कोरडी चिंधी नळीतून निदान दोनदा काढा. साचलेलं तेल बाराच्या वाटेत अडथळा ठरतं. ठासणीच्या बंदुकीत ते दारू भिजवतं, बार फुसका जातो किंवा अडकतो. शिवाय काळ्या दारूबरोबर जळलेलं खनिज तेल डांबरासारखं नळीला चिकटतं. बुडाचं आणि निपलच्या भोकातलं तेल गजाने निघत नाही. दारू भरण्याआधी, मोकळ्या जागी, तोंड जमिनीकडे धरून एकदोन नुसत्या टोप्या उडवा. तोंडासमोर जमिनीवर असलेलं गवताचं पातं हललं पाहिजे. हललं म्हणजे वाट मोकळी आहे.